जर्मनीत नवऱ्याकडे जाताय? आधी त्याचं विम्याचं कार्ड उलटं करून बघा

नाशिकहून एका ताईंनी विचारलंय. लग्न डिसेंबरात झालं. नवरा २०२४ पासून श्टुटगार्टला, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा रहिवास परवाना), पगार वर्षाला ७५,००० युरो. यांची व्हिसाची तारीख पुढच्या महिन्यात. एजंट म्हणतो, वर्षभराची पॉलिसी काढा, नाहीतर फाइल परत येईल. नवरा म्हणतो, "माझा कंपनीचा विमा आहे, तुझं नाव त्यात चढेल, उगाच पैसे घालवू नकोस." मैत्रीण म्हणते, ३०,००० युरोंची प्रवासाची पॉलिसी पुरते, ती तेवढ्यावरच इटली फिरून आली. ताईंचं वय बत्तीस, थायरॉइडची गोळी रोजची, वर्ष-दीड वर्षात बाळाचा विचार आहे, आणि पुण्यातल्या कंपनीची नोकरी तिकडून घरबसल्या चालू ठेवायची इच्छा आहे. तर कुणाचं ऐकावं?

तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, गोंधळ त्यामुळेच झालाय. मी पुण्यात बरीच वर्षं नवरा-बायकोच्या जर्मन व्हिसाच्या फाइली लावते, आणि २०११ मध्ये अशीच एक फाइल काखेत मारून स्वतःही गेले होते. त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

आधी मैत्रिणीचं. ३०,००० युरोंचा आकडा खरा आहे, पण तो शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांच्या, नव्वद दिवसांपर्यंतच्या व्हिसाचा नियम आहे. सहलीला जाणाऱ्याची तातडीची वैद्यकीय गरज, रुग्णालय आणि वेळ आलीच तर मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यातून भागावा, एवढाच त्याचा हेतू. तुम्ही राहायला जाताय. तुमचा व्हिसा राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा, आणि त्यामागचा कायदा वेगळा. जर्मन रहिवास कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'उदरनिर्वाहाची सोय' म्हणजे काय ते सांगितलंय, आणि त्या व्याख्येतच पुरेसा आरोग्य विमा येतो. पगार कितीही असो, विमा नसेल तर सोय झाली असं धरत नाहीत.

जाता जाता एक. अमेरिकेतल्या वहिनीचा किंवा लंडनच्या मावसभावाचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरून घेतात आणि मग सरकारी दवाखाने खुले होतात. अमेरिकेत एच-४ वर जाणाऱ्या बायकोला विमा असलाच पाहिजे अशी व्हिसाची अट नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे कायमच्या स्थलांतराच्या व्हिसासाठी तशी अट आणायचा प्रयत्न झाला, न्यायालयाने तो अडवला आणि २०२१ मध्ये ती घोषणाच मागे घेतली गेली. प्रत्येक देशाचा हिशेब निराळा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. व्हिसाच्या फाइलला कुठला कागद लागतो, हा एक. आणि विमानातून उतरल्यावर तुम्हाला काही झालं तर पैसे कोण भरणार, हा दुसरा. पहिला दोन-तीन महिन्यांत संपतो. दुसरा बाळंतपणापर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो. एजंट फक्त पहिल्याचं बोलतोय, नवरा फक्त दुसऱ्याचं. आणि दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, जी तुम्ही लिहिलेलीच नाही: तुमच्या यजमानांचा विमा सरकारी पद्धतीचा आहे की खाजगी?

'कंपनीचा विमा' हा शब्द आधी डोक्यातून काढा. पुण्यात एचआरला ईमेल केला की बायकोचं नाव ग्रुप पॉलिसीत चढतं, तसं तिकडे नाही. तिकडे नोकरदार एकतर सार्वजनिक विमा संस्थेचा, म्हणजे क्रांकेनकासेचा सभासद असतो, नाहीतर स्वतःच्या नावाने खाजगी कंपनीचा ग्राहक. टेक्निकर, आ-ओ-का, बार्मर ही नावं त्यांच्या तोंडी असतील तर क्रांकेनकासे समजा. खात्री करायची तर त्यांना कार्ड उलटं करून फोटो पाठवायला सांगा. मागे ताऱ्यांच्या वर्तुळाचं युरोपीय आरोग्य कार्ड छापलेलं असेल तर सहसा क्रांकेनकासेच.

क्रांकेनकासे असेल तर नवऱ्याचं म्हणणं जवळजवळ पूर्ण बरोबर. जर्मन सामाजिक कायद्याच्या पाचव्या ग्रंथातलं दहावं कलम तुमच्या कामाचं आहे. सभासदाची कमी कमाईची किंवा बिनकमाईची बायको (किंवा नवरा) आणि मुलं त्याच्याच वर्गणीत, फुकट. याला तिकडे फामीलियेनफेरझिशरुंग म्हणतात, आपण कुटुंब-विमा म्हणू. त्यांच्या पगारावर १४.६ टक्के अधिक संस्थेची जादा वर्गणी लागते, त्यातली निम्मी मालक भरतो. तुम्ही गेलात म्हणून ही रक्कम एका सेंटानेही वाढत नाही. तब्येतीची प्रश्नावली नाही, थांबण्याचा काळ नाही, थायरॉइड आहे म्हणून कुणी भुवई उंचावत नाही.

मग 'जवळजवळ' का? कारण हा कुटुंब-विमा जर्मनीत राहणाऱ्यालाच मिळतो. तुम्ही नाशिकला बसून त्यात येऊ शकत नाही. उतरल्यावर महापालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. मग नवऱ्याने क्रांकेनकासेचा कुटुंबाचा फॉर्म भरायचा, लग्नाचा दाखला जोडायचा. काही संस्था व्हिसा आणि पत्त्याच्या कागदावर काम करतात, काहींना रहिवास परवाना हवा असतो. हे संस्थागणिक आणि कधी कधी टेबलापलीकडच्या माणसागणिक बदलतं. मंजुरी मिळाली की विमा तुम्ही तिथे राहायला लागल्याच्या दिवसापासून मागे जाऊन लागू होतो. मधल्या आठवड्यांत मात्र हातात कार्ड नसतं. तेवढ्यासाठीच प्रवेशाच्या दिवसापासून चालू होणारी छोटी पॉलिसी लागते, आणि फाइलमध्येही तीच बघतात.

माझं स्वतःचं सांगते. व्हिसा लांबला आणि माझं जाणं सहा आठवडे पुढे गेलं. पॉलिसी नव्वद दिवसांची होती आणि तिची तारीख जुन्याच तिकिटाची. काढून देणाऱ्याने तारीख पुढे सरकवता येते हे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिथे काचेची शेगडी होती. ज्योत दिसत नाही, लाल वर्तुळ विझलं की आपल्याला वाटतं गार झाली. मी फोडणीचं कढलं उचलून तिथे सरळ तळहात टेकवला. डॉक्टरांकडे पहिला प्रश्न, "कार्ड?" पिशवीतून पॉलिसी काढली तर ती नऊ दिवसांपूर्वी संपलेली. ओल्या फडक्यात हात आणि दुसऱ्या हाताने मी तो कागद सरळ करतेय, असं ते चित्र. ऐंशी युरो रोख भरले. नवऱ्याने कुटुंब-विम्याचा फॉर्म 'सवडीने' म्हणून फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवला होता. त्या रात्री भरला. पुढे विमा मागच्या तारखेपासून लागला, तिमाही संपायच्या आत संस्थेचं पत्र दवाखान्यात दाखवलं आणि पैसे परत मिळाले. ती नेमकी सोय आहे: कार्ड यायला वेळ लागत असेल तर संस्थेकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मागवा. ईमेलने येतं, आणि डॉक्टर ते मानतात.

आता नवरा खाजगीत असेल तर काय, हे नीट वाचा, कारण ७५,००० हा पगार बघून मला तीच शंका आली.

जर्मनीत पगार एका ठराविक मर्यादेच्या वर गेला तरच नोकरदाराला खाजगी विमा घेता येतो. ही मर्यादा २०२४ मध्ये ६९,३०० युरो होती, २०२५ मध्ये ७३,८०० आणि २०२६ साठी ७७,४०० आहे. एकटा, तरुण, धडधाकट मुलगा तिकडे उतरतो, दलाल त्याला दाखवतो की क्रांकेनकासेपेक्षा खाजगी हप्ता बराच कमी आहे, डॉक्टरची तारीखही लवकर मिळते. पोरगा सही करतो. लग्नाचा विचार तेव्हा डोक्यात नसतो. खाजगीत मात्र फुकट कुटुंब-विमा नावाची चीज नाही. बायकोची वेगळी पॉलिसी, वेगळा हप्ता, तब्येतीचे प्रश्न, थायरॉइडसाठी हप्त्यात वाढ किंवा सरळ नकार. बाळंतपणासाठी आठ महिन्यांपर्यंत थांबण्याचा काळ लावायला कायद्याने मुभा आहे. नकारच मिळाला तर प्रत्येक खाजगी कंपनीला द्यावाच लागणारा मूळ दराचा विमा असतो, पण तो स्वस्त नाही.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत एक गंमत आहे. २०२४ मध्ये ते मर्यादेच्या वर होते, २०२५ मध्येही. ७५,००० हाच पगार कायम असेल तर २०२६ च्या मर्यादेने ते खाली आलेत. असं झालं की माणूस १ जानेवारीपासून आपोआप सक्तीच्या सार्वजनिक विम्यात येतो, म्हणजे क्रांकेनकासेचा सभासद होतो आणि बायकोला कुटुंब-विमा मिळतो. फक्त एक अडचण होते. अशा वेळी खाजगीतच राहायचं असेल तर तीन महिन्यांच्या आत या सक्तीतून सवलतीचा अर्ज करता येतो. दलाल तो आनंदाने भरून देतो, आणि एकदा मंजूर झाला की मागे घेता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात मुलाने हा अर्ज फोनवरच 'हो हो, पाठवा' म्हणून मंजूर केला होता, लग्न ठरल्याच्या आठवड्यात. त्याला वाटलं नेहमीचा नूतनीकरणाचा कागद आहे. म्हणून यजमानांना आज रात्रीच विचारा: खाजगीत आहात का, आणि असाल तर यंदा कुठल्या सवलतीच्या कागदावर सही केलीत का? पगार ठरवताना दरवर्षी हमखास मिळणारी रक्कम धरतात. मर्जीवरचा बोनस धरत नाहीत. बोनस हमीचा असेल तर ७५,००० चं गणित बदलू शकतं.

ज्यांचा नवरा नुकताच जर्मनीत उतरलाय आणि पगार मर्यादेच्या वर आहे, त्यांच्यासाठीही एक. तिथल्या पहिल्याच नोकरीत असताना तीन महिन्यांच्या आत स्वेच्छेने क्रांकेनकासेत जाता येतं. तो दरवाजा नंतर बंद होतो. लग्न करायचंय, मुलं हवीत, तर माझं मत सरळ आहे: क्रांकेनकासेत जा. खाजगी विमा वाईट नसतो, पण तो एकट्या माणसाच्या हिशेबाने मांडलेला असतो.

खाजगीत अडकलेच असतील तरी हातपाय गाळू नका. कुटुंब-विम्याला जी बायको पात्र ठरली असती, तिच्या खाजगी हप्त्यातही मालकाने एका मर्यादेपर्यंत वाटा द्यायचा असतो. हे पुष्कळांना माहीत नसतं, पगारपत्रक करणाऱ्यांनाही आठवण करून द्यावी लागते. दुसरा मार्ग तुमच्या स्वतःच्या हातात आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिथे कुठलीही नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. तुम्हाला जर्मन कंपनीत मर्यादेखालच्या पगाराची नेहमीची नोकरी मिळाली की तुम्ही तुमच्याच नावाने क्रांकेनकासेत, थायरॉइडसकट.

बाळाचा विचार आहे म्हणून एवढं लक्षात असू द्या. आई-बापांपैकी एक खाजगीत, त्याचा पगार त्या मर्यादेच्या वर आणि जोडीदारापेक्षा जास्त, असं असेल तर बाळाला दुसऱ्याच्या क्रांकेनकासेत फुकट जागा मिळत नाही. त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो. दोघंही क्रांकेनकासेत असाल तर तपासण्या, सुईण, बाळंतपण सगळं कार्डावर, आणि बाळ जन्मल्या दिवसापासून कुटुंब-विम्यात.

आता पुण्याची नोकरी. कुटुंब-विम्याला कमाईची मर्यादा आहे, २०२६ साठी महिन्याला ५६५ युरो, २०२५ मध्ये ५३५ होती. अगदी छोट्या नोकरीसाठी, ज्याला मिनीजॉब म्हणतात, ६०३ पर्यंत चालतं. ही कमाई जर्मनीतलीच असावी असं नाही. नाशिकच्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, सगळं मोजतात, आणि फॉर्मवर तो रकाना असतो. पुण्याचा पगार रुपयांत पन्नास-साठ हजारांच्या वर असेल तर कुटुंब-विमा विसरा. शिवाय श्टुटगार्टच्या घरात बसून केलेलं काम जर्मन नियमांनी जर्मनीत केलेलं काम ठरतं. भारतीय कंपनीला तिथे नोंदणी करावी लागते आणि तुमच्या पगारावर तिथली वर्गणी भरावी लागते. भारत आणि जर्मनीत २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार आहे, पण त्याने आरोग्य विमा सुटत नाही. पुण्यातल्या बऱ्याच कंपन्या या भानगडीत पडत नाहीत. गुपचूप चालू ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. विमा संस्था दर वर्षी कमाईचा फॉर्म पाठवते, आणि मागचं उकरलं की मागची वर्गणी मागते.

एजंटकडे वळू. वर्षभराची पॉलिसी तुम्हाला कशाला? क्रांकेनकासेचा मार्ग खुला असेल तर तीन महिन्यांची पुरते, फार तर थोडी जास्त. तरुण माणसासाठी महिन्याला चाळीस-पन्नास युरोंच्या आसपास मिळणाऱ्या मी पाहिल्यात. जर्मन कंपन्यांच्या खास परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या पॉलिसी असतात, त्यांना तिकडे इनकमिंग म्हणतात. आपल्याकडची परदेश प्रवासाची पॉलिसी परत येणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असते, म्हणून मी इनकमिंगच सुचवते. जुना आजार यातही सहसा नसतो, आधीपासूनची गर्भावस्थाही नसते. म्हणून थायरॉइडच्या तीन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. स्वतःपुरतं तेवढं औषध नेता येतं.

यजमान खाजगीत अडकले असतील तर वेगळं. तेव्हा त्यांच्या खाजगी विमा कंपनीकडून तुम्हाला विमा देण्याचं लेखी हमीपत्र मागवून मगच फाइल लावा. इनकमिंग पॉलिसीवर रहिवास परवाना मिळत नाही, कारण ती मुदतीची असते आणि परवाना देणारं कार्यालय तिला पुरेसा विमा मानत नाही. व्हिसाची मुदत संपत आली की मग धावपळ होते.

फाइलमध्ये मी काय लावते ते सांगते. नवऱ्याच्या क्रांकेनकासेचं सभासदत्वाचं पत्र, आणि त्याच संस्थेकडून 'पत्नी जर्मनीत राहायला आल्यावर कुटुंब-विम्यात घेतली जाईल' अशा अर्थाचं दुसरं पत्र. दोन्ही जर्मनमध्ये. नवऱ्याने संस्थेला फोन किंवा ॲपवरून संदेश केला की मिळतात. सोबत छोटी पॉलिसी, प्रवेशाच्या तारखेपासून, सगळ्या शेंगेन देशांना लागू, किमान ३०,००० युरोंची. बघा, मैत्रिणीचा आकडा इथे कामाला आला. मुंबईच्या वाणिज्य दूतावासाची यादी वेळोवेळी बदलते, म्हणून तारखेच्या आदल्या आठवड्यात ती पुन्हा उघडून वाचा.

आपल्याकडची एक नेहमीची अडचण म्हणजे नाव. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं नाव, आणि पॉलिसी काढणारा भाऊ तिसरंच काहीतरी टंकतो. पॉलिसी पासपोर्टवरच्या नावाने, स्पेलिंगसकट, अगदी मधलं नावही तसंच. गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या पॉलिसीवर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव होतं. खिडकीवरच्या बाईंनी पेन्सिलीने गोल केला आणि फाइल परत दिली. बाहेर रिक्षात बसून फोनवरून नवी पॉलिसी काढली, झेरॉक्सच्या दुकानात छापली, पाऊण तासात पुन्हा आत. त्या दिवशी निभावलं.

पैसे भरण्याआधी विमा कंपनीला दोनच गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. व्हिसा लांबला तर सुरू व्हायची तारीख फुकट पुढे ढकलता येईल का, आणि व्हिसा नाकारला तर नकारपत्र दाखवून पैसे परत मिळतील का. दोन्हींना हो म्हणणाऱ्या कंपन्या आहेत. तुमचा एजंट जी वर्षभराची पॉलिसी गळ्यात मारतोय, तिच्याबद्दलही त्याला हेच विचारून बघा, आणि तो काय म्हणाला ते इथे लिहा.